फिलिपिन्सचे कलावंत: सन्मान, बाजार आणि रोजचं जगणं

फिलिपिन्समध्ये कलावंताचा सरकारी सन्मान दोन वेगळ्या वाटांनी होतो. चित्रकार, शिल्पकार, लेखक, संगीतकार, नर्तक, वास्तुरचनाकार, चित्रपटकार यांच्यासाठी ‘राष्ट्रीय कलावंत’ हा किताब १९७२पासून आहे. डोंगरांत आणि दूरच्या बेटांवर राहून विणणारे, चटया वळणारे, पितळ ओतणारे, महाकाव्यं गाणारे यांच्यासाठी १९९२च्या कायद्याने दुसरा सन्मान आला. त्याचं नाव ‘गावाद सा मान्लिलिखा नांग बायान’, थोडक्यात ‘गामाबा’. या दोन्ही वाटांवर न येणारा एक तिसरा, फार मोठा समाज आहे. नाताळचा कंदील बांधणारं कुटुंब, जीपनी या सार्वजनिक वाहनाच्या पत्र्यावर घोडे आणि संत रंगवणारा रंगारी, गावच्या संताच्या उत्सवासाठी कागदाच्या लगद्याचे दोन पुरुष उंचीचे पुतळे घडवणारी आळी. यांना किताब नाही. पण सामान्य फिलिपिनो माणसाच्या दिवसात कला येते ती बहुतेक यांच्याच हातून.

कलावंत कोणाला मानायचं, ते कोणी ठरवायचं, आणि गौरव झाल्यानंतर त्याच्या कलेचं व पोटाचं पुढे काय होतं, याविषयी त्या देशात गेली पन्नास वर्षं गांभीर्याने वाद चालू आहे. त्या वादाचा हा आढावा.

मराठी वाचकाला मनिला आठवते ती मॅगसेसे पुरस्कारामुळे. १९५८ साली पहिल्याच वर्षी तो विनोबांना मिळाला, पुढच्या वर्षी चिंतामणराव देशमुखांना, १९८५ साली बाबा आमट्यांना. आपल्या माणसांचा गौरव करणारा हा देश स्वतःच्या माणसांचा गौरव कसा करतो, हे मात्र आपल्याकडे फारसं कोणी पाहिलेलं नाही. जुने दुवे शोधले तर सापडतात. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी बसवलेले दुधी, पातळ शिंपले आणि फिलिपिन्समधल्या जुन्या घरांच्या सरकत्या खिडक्यांतले ‘कापीस’ एकाच जातीचे आहेत. मिंदानाव बेटावरच्या मारानाव या मुस्लिम समाजात ‘महाराडिया लावाना’ नावाची रामकथा सांगितली जाते. हुआन फ्रान्सिस्को या अभ्यासकाने ती १९६९ साली प्रसिद्ध केली.

पार्श्वभूमी: माद्रिदचं पदक आणि भाताची खाचरं

स्पेनने सव्वातीनशे वर्षं राज्य केलं, त्या काळात चित्रकला मुख्यतः चर्चसाठी होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दामियान दोमिंगो या मनिलाच्या चित्रकाराने चित्रशाळा काढली आणि निरनिराळ्या थरांतल्या माणसांची त्यांच्या पोशाखांसह चित्रं काढली. परदेशी प्रवासी ती आठवण म्हणून विकत नेत. रोजचं जगणं चित्रात आलं, पण गिऱ्हाईक बाहेरचं होतं. हा ताण पुढे कधीच पूर्ण सुटला नाही.

१८८४ साली माद्रिदच्या प्रदर्शनात हुआन लुनाच्या ‘स्पोलियारियम’ला सुवर्णपदक मिळालं आणि फेलिक्स रेसुरेक्सियोन इदाल्गोला रौप्यपदक. लुनाचं चित्र सुमारे साडेसात मीटर लांब आणि चार मीटरहून अधिक उंच आहे, आणि विषय आहे रोमन आखाड्यात मेलेल्या योद्ध्यांना ओढून नेण्याचा. त्या यशाच्या मेजवानीत होसे रिझालने केलेलं भाषण फिलिपिनो राष्ट्रवादाच्या इतिहासात मोजलं जातं. जित मानलेल्या देशाच्या मुलाने जेत्यांच्या कलेत त्यांच्यावर मात केली, हा अभिमान खरा होता. मात्र तो परक्या विषयाच्या, परक्या परीक्षकांनी गौरवलेल्या चित्रावर उभा होता.

अमेरिकी अमलात फेर्नांदो आमोर्सोलोने उलट दिशा घेतली. भात लावणाऱ्या बायका, आंब्याखालची दुपारची जेवणं, सोनेरी उजेड. त्याची चित्रं दिनदर्शिकांवर आणि पर्यटनाच्या जाहिरातींवर छापली गेली आणि घरोघरी पोहोचली. त्यावर एक आक्षेप तेव्हापासून आहे: ज्या दशकांत आमोर्सोलो ही सुखी खाचरं रंगवत होता त्याच दशकांत मध्य लुझोनमधली कुळं जमीनदारांविरुद्ध धुमसत होती आणि १९३५ साली साकदाल चळवळीचा उठाव झाला. अमेरिकेहून परतलेल्या विक्तोरियो एदादेसने १९२८ साली मनिलात ‘द बिल्डर्स’ हे चित्र मांडलं. त्यात घामाने माखलेले, मातकट, वाकडेतिकडे मजूर होते. शिल्पकार गिलेर्मो तोलेन्तिनो आणि एदादेस यांच्यातला वाद पुढे अनेक वर्षं वृत्तपत्रांतून चालला. दोन्ही बाजूंना सामान्य माणूसच रंगवायचा होता. मतभेद होता तो त्याला सुंदर दाखवावं की खरं, यावर.

या पार्श्वभूमीवर निक वाकीनचा १९६६चा ‘अ हेरिटेज ऑफ स्मॉलनेस’ हा निबंध महत्त्वाचा ठरतो. वाकीन मनिलावर जिवापाड प्रेम करणारा लेखक, आणि तरी त्याने समाजाला कठोर प्रश्न विचारला. आपण छोट्या वस्त्या, छोटा व्यापार, सुटी सिगारेट विकणारं दुकान यांतच का रमतो, मोठं काही उभारायला का बिचकतो, असा त्याचा सूर होता. लहान आकाराची हस्तकला हे त्याला या वृत्तीचंच एक रूप वाटत होतं. फिलिपिनो लोककलेच्या बाजूने पुढे जे काही लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं कळत-नकळत या निबंधाला दिलेलं उत्तर आहे. सरकारच्या सांस्कृतिक आयोगाचे माजी अध्यक्ष फेलिपे दे लेओन धाकटे यांची मांडणी त्यातली सर्वांत सुसंगत. त्यांच्या मते कला हा काही तज्ज्ञांचा वेगळा व्यवसाय असणं ही पाश्चात्त्य रीत झाली. फिलिपिनो समाजात ती जेवण, प्रार्थना, घर आणि सण यांच्यात विरघळलेली असते, आणि तेच तिचं सामर्थ्य आहे.

किताब देणारा हात

राष्ट्रीय कलावंताचा किताब अध्यक्ष फेर्दिनांद मार्कोस यांच्या काळातला. एप्रिल १९७२मध्ये घोषणा निघाली, त्याच महिन्यात आमोर्सोलो वारला आणि मृत्यूनंतर काही दिवसांतच पहिला मानकरी ठरला. सप्टेंबरमध्ये लष्करी कायदा आला. त्याआधी १९६९ साली मनिलाच्या समुद्रात भराव टाकून केलेल्या जमिनीवर लेआंद्रो लोक्सिन यांनी रचलेलं सांस्कृतिक केंद्र उभं राहिलं होतं, त्यामागे त्यांच्या पत्नी इमेल्दा मार्कोस होत्या. त्या केंद्राने नृत्य, नाटक, संगीत यांना खरोखर मोठं व्यासपीठ दिलं. आणि झोपडपट्ट्यांच्या शहरात हा खर्च कोणासाठी, हा प्रश्नही त्याच दिवसापासून विचारला गेला. १९७६ साली ‘काइसाहान’ या गटाच्या तरुण चित्रकारांनी संप, झोपड्या, तुरुंग रंगवायला सुरुवात केली. मनिलाची सामाजिक वास्तववादी चित्रकला या गटापासून धरली जाते.

लोककलेला राष्ट्रीय रंगमंचावर आणण्याचं काम त्याआधी सुरू झालं होतं. फ्रान्सिस्का रेयेस आकिनो यांनी दोन महायुद्धांमधल्या काळात गावोगाव फिरून नाच टिपून घेतले, ते शाळांच्या अभ्यासक्रमात गेले. १९५७ साली स्थापन झालेल्या ‘बायानिहान’ नृत्यसंस्थेने दुसऱ्याच वर्षी ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात ते नाच जगाला दाखवले. आज जगात कुठेही फिलिपिनो लोक जमले की बांबूंच्या मधून पावलं टाकत ‘तिनिक्लिंग’ होतो, तो या दोन प्रयत्नांमुळे. आक्षेप आहे तो ‘सिंगकिल’सारख्या नाचांबद्दल. मारानावांच्या ‘दारांगेन’ महाकाव्याशी नातं असलेला हा नाच रंगमंचावर येताना राजकन्या, छत्री धरणारी दासी आणि झगमगीत वेश असा सजवला गेला, आणि मुस्लिम दक्षिणेची एक गूढ, परकी प्रतिमा त्यातून पक्की झाली, असं काही अभ्यासक म्हणतात. बाजू मांडणारे म्हणतात की रंगमंचाच्या गरजा वेगळ्या असतात, आणि हा सजवलेला नाच नसता तर मनिलाच्या प्रेक्षकाला मारानाव समाजाचं नावही कळलं नसतं.

किताबाचं राजकारण सर्वांत उघडं पडलं २००९ साली. निवड समित्यांनी दिलेल्या यादीतून संगीतकार रामोन सांतोस यांचं नाव अध्यक्ष ग्लोरिया मकापागाल आरोयो यांच्या कार्यालयाने गाळलं आणि बाहेरची चार नावं घातली. त्यांत चित्रकथांचे लेखक व दिग्दर्शक कार्लो कापारास होते, आणि खुद्द सांस्कृतिक आयोगाच्या कार्यकारी संचालक सेसिले गिदोते-आल्वारेझ होत्या. आधीचे राष्ट्रीय कलावंत रस्त्यावर उतरले, न्यायालयात गेले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या चारही घोषणा रद्द केल्या. यादीबाहेरचं नाव मर्जीने घुसवता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा. चौघांपैकी वास्तुरचनाकार फ्रान्सिस्को मान्योसा यांना पुढे २०१८ साली रीतसर मार्गाने किताब मिळाला.

या भांडणात एक दुसरा, जास्त खोल प्रश्न दडला होता. कापारास यांना विरोध झाला तेव्हा चित्रकथा हा हलका प्रकार मानला जातो म्हणून विरोध होतोय, असं त्यांच्या चाहत्यांना वाटलं. विरोधकांचं म्हणणं असं की दृश्यकलेचा किताब स्वतः चित्र न काढणाऱ्याला कसा द्यायचा. २०१४ साली फ्रान्सिस्को कोचिंग यांना मरणोत्तर किताब मिळाला. कोचिंग अनेक दशकं स्वस्त चित्रकथांची पानं रेखाटत राहिले, ज्या लोक भाड्याने घेऊन वाचत. त्यामुळे प्रकारावरचा आक्षेप तरी मिटला असं म्हणायला हरकत नाही.

नोरा आऊनोर यांची गोष्ट याहून बोलकी आहे. इरिगा गावच्या रेल्वे स्थानकावर लहानपणी पाणी विकणारी, सावळी, बुटकी मुलगी गाण्याच्या स्पर्धेतून पुढे आली. गोऱ्या, अर्धयुरोपीय चेहऱ्यांच्या पडद्यावर तिच्यासारख्या दिसणाऱ्या लाखो मोलकरणी, कामगार बायका प्रथमच स्वतःला पाहू शकल्या. १९८२चा ‘हिमाला’ हा तिचा चित्रपट देशाच्या श्रेष्ठ चित्रपटांत मानतात. २०१४ साली समित्यांनी तिचं नाव दिलं. अध्यक्ष बेनिग्नो आकिनो तिसरे यांनी अमली पदार्थांच्या जुन्या प्रकरणाचं कारण देऊन ते वगळलं. २०२२ साली ती राष्ट्रीय कलावंत झाली आणि २०२५ साली वारली. लोकांनी कितीतरी आधी दिलेला मान सरकारने उशिरा कागदावर आणला, एवढंच या किताबाचं काम होतं, असं मला वाटतं.

स्वप्नातला नमुना आणि कात्री

आता दुसरी वाट. गामाबाचे पहिले मानकरी १९९३ साली ठरले: मिंदोरो बेटावरचे मांग्यान कवी गिनाव बिलोग, जे बांबूवर ‘आंबाहान’ कविता कोरत, पालावानचे गायक-वादक मासिनो इंताराय, आणि ‘कुट्यापी’ हे दोन तारांचं वाद्य वाजवणारे मागिंदानाव समाजाचे सामाओन सुलाइमान. २०१६पर्यंत ही संख्या सोळा झाली, २०२३मध्ये एकदम नऊ नावं घोषित झाली. कायद्याची एक अट मला फार मोलाची वाटते: मानकऱ्याने आपली कला आपल्याच समाजातल्या तरुणांना शिकवली पाहिजे. एकरकमी मदत आणि महिन्याचं मानधन मिळतं ते या शिकवण्याशी जोडलेलं आहे. याच्या जोडीने नव्वदच्या दशकात ‘जिवंत परंपरांच्या शाळा’ सुरू झाल्या. गावातच, गावच्या भाषेत, जाणत्या माणसाच्या हाताखाली मुलं शिकतात. २०२१ साली युनेस्कोने या शाळांची नोंद जतनाच्या उत्तम पद्धतींमध्ये केली.

लांग दुलाय या विणकर बाईंना १९९८ साली हा मान मिळाला. साउथ कोताबातोच्या लेक सेबू भागातल्या टिबोली समाजाच्या त्या. हा समाज ‘तिनालाक’ नावाचं कापड अबाकाच्या धाग्यापासून विणतो. अबाका म्हणजे केळीच्या कुळातलं झाड. खोडाचे पदर सोलून तंतू काढायचे, एकेक तंतू गाठ मारून जोडायचा, नमुन्याप्रमाणे बांधून रंगवायचा, मग कमरेला पट्टा लावलेल्या मागावर विणायचा आणि शेवटी कवडीने घासून झळाळी आणायची. काळा, लाल आणि धाग्याचा मूळ पांढुरका, असे तीनच रंग. एका कापडाला काही महिने लागतात. नमुना स्वप्नात येतो, तो अबाकाची देवता फू दालू देते, अशी श्रद्धा. ज्यांना स्वप्न पडत नाही त्या बायका आई-आजीकडून आलेले नमुने विणतात. लांग दुलाय यांच्याकडे शंभराच्या आसपास नमुने होते. २०१५ साली त्या वारल्या.

तिनालाकभोवतीचा वाद कात्रीपाशी येऊन थांबतो. जुन्या समजुतीप्रमाणे हे कापड कापलं तर आजार येतो. विकायचं असेल तर देवतेची समजूत घालण्यासाठी पितळेचं कडं जोडून द्यायचं. बाजाराला मात्र अख्खं कापड नको असतं. त्याला पिशवी, पाकीट, परिषदेत वाटायची फाइल, जाकिटाची पट्टी हवी असते. एक बाजू म्हणते, पिशव्या खपतात म्हणून तर मुली मागावर बसतात. अबाका, अननस, केळीच्या धाग्यांचं कापड सरकारी गणवेशात वापरावं म्हणून २००४ साली कायदाही झाला, तो याच हेतूने. दुसरी बाजू म्हणते, जे कापड लग्नात देवाणघेवाणीला लागतं, बाळंतिणीच्या अंगावर घालतात, त्याचे तुकडे झाले की उरतो तो फक्त नक्षीचा भाग. तिसरा आवाज खुद्द विणकरांचा. त्यांची तक्रार बहुतेकदा कात्रीची नसून हिशोबाची असते: कापडाची किंमत गावात किती आणि शहरातल्या दुकानात किती, आणि यंत्रावर छापलेली स्वस्त नक्कल त्याच नावाने का विकली जाते.

या तिसऱ्या आवाजाला कायद्याने अर्धंच उत्तर दिलं आहे. १९९७च्या आदिवासी हक्क कायद्याने समाजाचे सामूहिक बौद्धिक हक्क मान्य केले; आगाऊ माहिती देऊन, दबावाशिवाय घेतलेली संमती बंधनकारक केली. पण नक्कल पकडायची कोणी, कोणत्या न्यायालयात, कोणत्या समाजाच्या नावाने, हे त्या कायद्यातून सहज निघत नाही. भौगोलिक मानांकनाचे नियम २०२२ साली आले, आपल्याकडे हापूसला आणि पैठणीला मिळालेल्या मानांकनासारखेच. ते कापडाच्या नावाचं रक्षण करू शकतात. स्वप्नात आलेल्या नमुन्याचं रक्षण त्यांच्या कक्षेत बसत नाही.

बुस्कालानची आजी

कालिंगा प्रांतातल्या बुस्कालान गावच्या वांग-ओद यांच्याइतकी चर्चा दुसऱ्या कोणत्याही लोककलावंताची झालेली नाही. जन्म १९१७चा. लिंबाच्या जातीच्या झाडाचा काटा, कोळशाची काजळी आणि बांबूची काडी एवढ्या साधनांनी त्या गोंदतात. पूर्वी हे ‘बातोक’ पराक्रमी पुरुषांच्या छातीवर आणि वयात आलेल्या मुलींच्या हातांवर असे. शत्रूचं शिर आणण्याची प्रथा गेली, शाळांनी आणि मिशनऱ्यांनी गोंदण असभ्य ठरवलं, आणि ती कला जवळजवळ संपली. मग शहरातले तरुण, परदेशी प्रवासी डोंगर चढून येऊ लागले. ही कला रक्ताच्या नात्यातच शिकवायची असा संकेत असल्याने स्वतःचं मूल नसलेल्या वांग-ओद यांनी भावंडांच्या नातींना शिकवलं. आज गावातल्या अनेक मुली गोंदतात आणि गाव त्यावर चालतं.

२०१७ साली मनिलातल्या एका व्यापारी प्रदर्शनात त्यांना आणलं गेलं आणि दोन दिवसांत शेकडो लोकांनी त्यांच्याकडून गोंदवून घेतलं. शंभरीच्या बाईला जत्रेत बसवल्याचा संताप उसळला. आयोजकांनी त्या स्वखुशीने आल्या आणि गावाला उत्पन्न झालं, असं उत्तर दिलं. २०१८ साली सांस्कृतिक आयोगाने त्यांना ‘दांगाल नांग हराया’ हा गौरव दिला. २०२१ साली एका परदेशी ऑनलाइन शिकवणी कंपनीने त्यांच्या नावाचा अभ्यासक्रम विकायला काढला. त्यांना कराराचा अर्थ कळलेला नव्हता असं घरच्यांनी जाहीर केलं, कंपनीने संमती असल्याचा दावा केला, अखेर अभ्यासक्रम मागे घेतला गेला आणि आदिवासी आयोगाने चौकशी केली. एप्रिल २०२३मध्ये १०६व्या वर्षी त्या ‘व्होग फिलिपिन्स’च्या मुखपृष्ठावर आल्या. फेब्रुवारी २०२४मध्ये अध्यक्षांच्या हस्ते पदक मिळालं. गामाबासाठी त्यांचं नाव सुचवलं गेलं होतं. तो मान तोवर मिळालेला नव्हता.

त्यामागचं मतभेदाचं कारण समजून घेण्यासारखं आहे. काही मानववंशशास्त्रज्ञांचं म्हणणं, पर्यटकाच्या दंडावर गोंदलेली तीन टिंबं ही त्यांची सही आहे, बातोक नव्हे. ज्या संस्कारात गोंदणाला अर्थ होता तो संस्कारच राहिलेला नाही. इतर म्हणतात, परंपरा गोठलेली असावी ही अट मनिलाची आहे. गावाने स्वतःच ठरवलं की बाहेरच्यांना साधे नमुने द्यायचे आणि आतले नमुने आतच ठेवायचे, तर तो निर्णयही परंपरेचाच भाग मानला पाहिजे. मला दुसरी बाजू जास्त पटते, एका अटीवर: निर्णय खरोखर गावाचा हवा. २०२१च्या प्रकरणात नेमकं तेच स्पष्ट नव्हतं. एका व्यक्तीचा अंगठा पुरेसा, की वांग-ओद ज्या बुतबुत जमातीच्या तिची सारी संमती हवी, हा प्रश्न त्या वेळी पुढे आला आणि त्यावर एकमत झालेलं नाही.

किताबाबाहेरची माणसं

नाताळची तयारी फिलिपिन्समध्ये सप्टेंबरपासूनच सुरू होते. ‘पारोल’ हा चांदणीच्या आकाराचा कंदील त्याचं चिन्ह. बांबूच्या कामट्या, रंगीत पातळ कागद, दोन शेपट्या; दिवाळीत आपल्याकडे गल्लीतली मुलं मिळून आकाशकंदील करतात त्याच पद्धतीने शाळकरी मुलं तो करतात. पाम्पांगा प्रांतातल्या सान फेर्नांदो शहराने मात्र तो एका वेगळ्याच टोकाला नेला. तिथे नाताळाआधी वीसेक फूट व्यासाच्या कंदिलांची स्पर्धा होते. हजारो दिवे बँडच्या तालावर नाचतात, आणि ते चालवण्याची जुनी युक्ती अशी: पत्र्याच्या पिंपांवर चिकटपट्ट्यांनी नक्षी करायची, केसांच्या पिनांना तारा जोडून त्या पिंपावर टेकवायच्या आणि पिंप हाताने फिरवायचं. जिथे पट्टी तिथे दिवा बंद, जिथे उघडा पत्रा तिथे चालू. नक्षी आखणारा, पिंप फिरवणारा, वर्गणी देणारी वस्ती, यांतला कलावंत कोण? तिथले लोक वस्तीचं नाव सांगतात.

लुकबान गावात १५ मे रोजी सान इसिद्रोच्या सणाला तांदळाच्या पिठाचे पानाच्या ठशाचे रंगीत ‘किपिंग’ वाळवून घरांचे दर्शनी भाग मढवतात. सण झाला की ते भाजून खाताही येतात. आंगोनो गावात नोव्हेंबरमध्ये ‘हिगान्ते’ म्हणजे अवाढव्य पुतळे निघतात. जमीनदाराची थट्टा करण्यातून ही प्रथा आली, असं गाव सांगतं. राष्ट्रीय कलावंत कार्लोस ‘बोतोंग’ फ्रान्सिस्को याच गावचे, संगीतकार लुसियो सान पेद्रोही. त्यामुळे आंगोनोत रंगकाम हे घराघरातलं काम आहे.

अशा सणांना सरकारने हात लावला की काय होतं, यावर दोन अनुभव सांगितले जातात. बाकोलोदचा हसऱ्या मुखवट्यांचा ‘मास्कारा’ १९८० साली जाणीवपूर्वक सुरू केला गेला. साखरेचे भाव कोसळले होते आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘दॉन हुआन’ बोट बुडून शेकडो माणसं गेली होती. शहराला धीर देण्यासाठी कलावंत आणि नगर प्रशासन यांनी सण घडवला, आणि तो शहराने आपला मानला. टीकाकार हेही विसरू देत नाहीत की बाकोलोद ज्या नेग्रोस बेटावर आहे तिथेच पुढच्या काही वर्षांत ऊसतोड कामगारांची मुलं उपासमारीने मेली. दुसरा अनुभव उलटा: पर्यटन विभागाच्या वेळापत्रकात सण बसले की बक्षिसं, प्रायोजक आणि ठरावीक नृत्यरचना येतात, आणि एका गावचा सण दुसऱ्या गावच्या सणासारखा दिसू लागतो, ही तक्रार आता सर्वत्र ऐकू येते.

जीपनीचा प्रश्न याहून निकडीचा. महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने सोडलेल्या जीप लांबवून, छत घालून फिलिपिनो कारागिरांनी सार्वजनिक वाहन बनवलं. लास पिन्यासमधली सारावांची कार्यशाळा १९५३ची. बोनेटवर धातूचे घोडे, बाजूंवर संत, मुलांची नावं, बास्केटबॉलपटू, गावाकडचा निसर्ग. २०१७ साली सरकारने आधुनिकीकरणाची योजना आणली: जुनी इंजिनं जावीत, चालकांनी सहकारी संस्थांत एकत्र यावं. एप्रिल २०२४ची मुदत संपली तोवर अनेक संप झाले. धूर कमी व्हावा याला कोणाचाच विरोध नाही. पण नव्या गाडीची किंमत वीस लाख पेसोंच्या वर जाते आणि ती दिसते छोट्या बससारखी. रंगवणारे हात यात कुठेच मोजलेले नाहीत. जुनं रूप ठेवून विजेवर चालणारी जीपनी करता येते, असं काही उत्पादक दाखवून देतात. ते परवडेल का, यावर चालकांत दोन मतं आहेत.

आज काय उरलं आहे

मनिला विरुद्ध बाकीचा देश हा जुना तक्रारीचा सूर थोडा बदलला आहे. १९९०पासून व्हिसायास बेटांतले चित्रकार ‘व्हिवा एक्सकॉन’ हे संमेलन आळीपाळीने वेगवेगळ्या बेटांवर भरवतात. बागिओतल्या कलावंत संघातून आलेले चित्रपटकार किदलात ताहिमिक २०१८ साली राष्ट्रीय कलावंत झाले. राष्ट्रीय संग्रहालयात २०१६पासून प्रवेश मोफत आहे, आणि ‘स्पोलियारियम’समोर शाळांच्या सहली बसलेल्या असतात.

दोन किताब एकत्र करावेत का, हा प्रश्न अजून खुला आहे. एकत्र करण्याच्या बाजूचे म्हणतात, वेगळ्या यादीमुळे विणकर कायम ‘कारागीर’ आणि चित्रकार कायम ‘कलावंत’ राहतो. वेगळेपण राखू पाहणारे म्हणतात, एकाच यादीत शहरातली मोठी नावं डोंगरातल्या नावांना झाकून टाकतील, आणि शिकवण्याची अटही निघून जाईल. त्याहून अवघड प्रश्न सामूहिक कलेचा. दारांगेन किंवा इफुगावांचं ‘हुदहुद’ सारा समाज गातो, आक्लानमधलं अननसाच्या धाग्याचं कापड, ज्याची युनेस्कोने २०२३ साली नोंद केली, अनेक घरांतून तयार होतं. पण सरकारी मानधन एकाच बँक खात्यात जमा होतं. तिथून गावात हेवेदावे सुरू होतात, असं क्षेत्रात काम करणारे सांगतात.

२०२३च्या एका कायद्याने प्रत्येक गावाच्या आणि शहराच्या प्रशासनावर आपल्या हद्दीतला मूर्त-अमूर्त सांस्कृतिक वारसा नोंदवण्याची जबाबदारी टाकली आहे. यादी गावाने करायची असल्यामुळे, सान फेर्नांदोचा पिंप फिरवणारा आणि लास पिन्यासचा रंगारी यांची नावं तिच्यात यायला कायद्याची आडकाठी नाही. नोंद झाल्यावर त्यांना काय मिळणार, याबद्दल कायद्याने फारसं काही म्हटलेलं नाही. ते प्रत्येक नगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर सोडलं आहे.